हौस आणि हिशेब

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेचे निकाल लागल्यानंतर एके दुपारीं एक पालक मला भेटावयास आले. ते चादरीच्या कारखान्यांत यंत्रमागावर काम करतात; पाळी सोडून तसेच आल्यामुळें त्यांच्या अंगावरील कपड्यांस सुताचा कापूस चिकटलेला होता. त्यांचा मुलगा दहाव्या इयत्तेंत होता. अभ्यासांत मध्यम, वागणुकींत चांगला. त्यांचें गाऱ्हाणें असें कीं, मुलगा पुढें लग्नांचे फोटो काढण्याचा धंदा करीन म्हणतो व दुसरें कांहीं ऐकूनच घेत नाहीं. "सर, तुमचं तो ऐकतो. तुम्ही त्याला जरा समजावून सांगा. फोटो काढून कुणाचं पोट भरलंय?" असें ते म्हणाले. मीं सांगण्याचें कबूल केलें.

मुलास बोलाविलें तेव्हां त्यानेंच मला प्रश्न विचारला, "सर, आवडतं तेच काम केलं तर काय चुकतं?" अशा प्रश्नांस आम्हां शिक्षकांपाशीं ठेवणींतलीं उत्तरें असतात. तें माझ्या ओठांवर आलेंही होतें. परंतु मीं तें गिळलें, कारण तें माझें मलाच पटेना. त्या मुलास आणि त्याच्या वडिलांस जें सांगावयाचें राहून गेलें, तें येथें लिहीत आहें. आपल्या वार्षिकाचे वाचक विद्यार्थी आणि पालक असे दोघेही आहेत, म्हणून हें एकदांच लिहिलें असतां दोघांच्याही कानीं पडेल.

सोलापुरांत कॅमेऱ्याचा नाद लागावयास फार दूर जावें लागत नाहीं. दर वर्षीं संक्रांतीच्या सुमारास आपल्या गांवीं जें लग्न लागतें, तसें लग्न दुसऱ्या गांवीं क्वचितच लागत असेल. कुंभारकन्येचा श्रीसिद्धेश्वरांच्या योगदंडाशीं होणारा तो प्रतीकात्मक विवाह. ते उंचच उंच सात नंदीध्वज. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी. आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या क्षणीं एकदम वर होणारे हजारों हात. माझा धर्म निराळा आहे. पण या गांवीं वाढलेल्या कोणासही तो देखावा परका वाटत नाहीं. त्या दिवशीं तळ्याच्या कांठीं पाहावें तर गळ्यांत कॅमेरे अडकविलेलीं अठरा-वीस वर्षांचीं मुलें सकाळपासून जागा धरून उभीं असतात. त्यांस कोणी बोलाविलेलें नसतें व कोणी दमडी देत नाहीं. ऊन डोक्यावर येतें, धूळ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते, मागून धक्के बसतात, आणि अक्षता तर एका श्वासांत पडून जातात. तेवढ्यांत चित्र साधलें तर साधलें. न साधलें तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावें.

हींच मुलें पुढें एप्रिल-मे महिन्यांत कोणाच्या तरी लग्नमंडपांत दिसतात. तेथें इसार घेतलेला असतो. मंगलाष्टकें संपतात, अंतरपाट बाजूस होतो आणि वधूवर प्रथमच एकमेकांकडे पाहतात. तो क्षणही एका श्वासाचाच असतो. संमती कट्ट्यावर ज्याच्या बोटास संवय झाली, त्याचेंच बोट येथें वेळेवर पडतें. पहिलें काम हौसेचें व दुसरें पोटाचें अशी वांटणी आपण सहज करून टाकतों. परंतु फुकट केलेल्या कामानेंच पैशाचें काम शिकविलें, ही गोष्ट त्या वांटणींत कोठें बसवावयाची?

आतां एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतों. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांचें नांव आपण घेतों, ते दादासाहेब फाळके आरंभीं छायाचित्रकार होते. त्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्र्यांच्या घरीं झाला. मुंबईस जे. जे. कलाशाळेंत व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकून ते गुजराथेंत गोध्रा येथें फोटोग्राफीचा धंदा करूं लागले. तेथें प्लेगच्या सांथींत त्यांची पत्नी व मूल दगावलें, आणि त्यांनीं गांव सोडला. बडोद्यास पुन्हां दुकान मांडलें तें चाललें नाहीं. कारण कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति ओढून घेतो व फोटो काढणारा लवकर मरतो, अशी समजूत लोकांत पसरली होती. मग त्यांनीं नाटकांचे पडदे रंगविले. १९०३ सालीं पुराणवस्तु खात्यांत नोकरी धरली, ती स्वदेशीच्या चळवळींत सोडली. छापखाना काढला, तो नांवारूपास आणला, आणि भागीदाराशीं न पटल्यामुळें त्यांतूनही बाहेर पडले.

अशा स्थितींत १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास गिरगांवांतील एका तंबूंत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचें चरित्र चालूं असतां त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या या मुलास रामकृष्णांचीं चरित्रें दिसूं लागलीं. (आमच्या प्रभूच्या चरित्राचे उपयोग देव कोणाकडून कसे करवील याचा नेम नाहीं, असें मला हा प्रसंग आठवला म्हणजे वाटतें.) पुढें त्यांनीं विम्याचे कागद गहाण टाकून १९१२ सालीं लंडन गांठलें व यंत्रसामुग्री आणली. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या रोज थोड्या थोड्या वाढीचें चित्र घेतलें, आणि अंकुर डोळ्यांदेखत वर येतांना पडद्यावर दाखविला. तरीही पैसा पुरला नाहीं. तेव्हां त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने कामीं आले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला तो असा.

ही गोष्ट सांगून बहुतेक वक्ते मुलांस 'आवडीच्या मागें जा' असें सांगतात व टाळ्या घेऊन खालीं बसतात. माझी नजर मात्र सरस्वतीबाईंच्या मोकळ्या हातांकडे जाते. त्या बाईंनीं दागिने तर दिलेच. शिवाय घरीं राहणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत बसून फिल्मच्या पट्टीस भोंकें पाडलीं व ती धुतली. ज्या धंद्याचा पाया दादासाहेबांनीं घातला, त्या धंद्यांत पुढें इतरांनीं लाखों रुपये मिळविले. दादासाहेब स्वतः १९१८ सालीं स्थापन झालेल्या कंपनींत भागीदारांशीं भांडले, कांहीं काळ काशीस जाऊन राहिले, परत आले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें वारले, तेव्हां त्यांच्या घरीं श्रीमंती नव्हती. हौसेची किंमत नेहमींच कोणीतरी भरतें, आणि पुष्कळदां भरणारें माणूस हौस करणाऱ्याहून निराळें असतें. सरस्वतीबाईंनीं ती आपखुषीनें भरली असें सांगतात, आणि तें खरें मानावयास मला कांहींच हरकत दिसत नाहीं. पण आमच्या या दहावीच्या विद्यार्थ्यानें वीस हजारांचा कॅमेरा मागितला, तेव्हां त्याच्या आईनें भिशीचे पैसे उचलले कीं काय, हें त्यानें विचारलें होतें का? मीं त्यास विचारलें. त्यानें मान खालीं घातली.

दुसरा एक मार्ग लाला दीनदयाळ यांचा आहे. ते रुरकीच्या कॉलेजांत शिकून इंदूर येथें बांधकाम खात्यांत नोकरीस होते. हातांत कॅमेरा आला तो नोकरी चालूं असतांनाच; पुष्कळ वर्षें त्यांनीं पगार आणि छंद दोन्ही संभाळलीं, आणि गिऱ्हाईक पक्कें झाल्यावरच सरकारी खुर्ची सोडली. पुढें हैदराबादच्या निजामांनीं त्यांस 'राजा' केलें. सिकंदराबादेस १८९२ सालीं त्यांनीं पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईच्या हातीं दिला. १८९६ सालीं मुंबईसही दुकान घातलें. गोषांतल्या स्त्रियांसही आपली तसबीर हवी असते, आणि पुरुषापुढें त्या बसणार नाहींत, हें ज्यास ओळखतां आलें त्यास कलावंत म्हणावें कीं व्यापारी? मला तर हे दोन शब्द येथें वेगळे करतां येत नाहींत.

आतां हिशेबाकडे वळतों. मुलांस तो कोणी सांगत नाहीं व पालक तो मांडून पाहत नाहींत. समजा, एका लग्नाचे चाळीस हजार रुपये ठरले. ऐकणारास वाटतें, दोन दिवसांचे चाळीस हजार! परंतु त्यांतून मदतनिसास सहा हजार, चलचित्र घेणारास आठ हजार, आल्बमच्या छपाईस सात हजार, गाडीभाड्यास एक हजार द्यावे लागतात. कॅमेराही झिजतो. त्याची झडप साधारण दीड लाख वेळां उघडझांक करील असें कारखानदार सांगतात. एका लग्नांत तीन हजार चित्रें घेतलीं तर पन्नास लग्नांत तिचें आयुष्य संपलें. दीड लाखांचा कॅमेरा असेल तर दर लग्नामागें तीन हजार रुपये तेथेंच गेले. भिंगें, दिवे, बॅटऱ्या यांचे आणखी दोन हजार धरा. बाकी उरले तेरा हजार. दिवस मात्र दोन नव्हेत. हळद व लग्न मिळून दोन, तीन हजारांतून निवड करण्यास, रंग सुधारण्यास व आल्बम लावण्यास सहा, बोलाचालीस एक, असे नऊ दिवस होतात. म्हणजे रोज सुमारें चौदाशें रुपये. वर्षांत अशीं तीस लग्नें मिळालीं, तर तीन लाख नव्वद हजार. महिन्यास बत्तीस हजार पांचशें, आणि त्यांतून दुकानाचें भाडें व कर जावयाचे. हें उत्पन्नही सारखें येत नाहीं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत हिंदु घरांत मुहूर्त नसतात, आमच्याकडे लेंतच्या चाळीस दिवसांत लग्नें टाळतात. त्या महिन्यांतही बँकेचा हप्ता मात्र वेळेवर येतो.

हा हिशेब मीं त्या पालकांपुढें मांडला, तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे माझ्याइतकंच की! मग शिकून काय उपयोग?" मुलापुढें मांडला, तेव्हां तो हिरमुसला, त्यानें मनांत बराच मोठा आंकडा धरला होता. एकास वाटत होतें कीं या धंद्यांत कांहींच नाहीं, दुसऱ्यास वाटत होतें कीं यांत सर्व कांहीं आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा असें प्रभूनें सांगितलें आहे. बुरूज बांधूंच नये असें त्यानें सांगितल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

येथें माझीही एक चूक सांगणें प्राप्त आहे. चार वर्षांपूर्वीं माझ्या भाचीचें लग्न होतें. माझा एक जुना विद्यार्थी हा धंदा करतो. त्यास मीं बोलाविलें. पैशाची गोष्ट निघाली तेव्हां मीं हंसून म्हणालों, "अरे, तूं तर घरचा. तुला याची आवड आहे, तूं मनापासून काढशील." तो कांहीं बोलला नाहीं. मंदिरांत व मंडपांत मिळून अकरा तास उभा राहिला, सर्वांच्या मागून जेवला, आणि महिन्याभरानें सुरेख आल्बम आणून दिला. आम्हीं त्यास शर्टाचें कापड आणि नारळ दिला. कापड देतांना आपण फार मोठें औदार्य दाखवीत आहों असेंही मला वाटलें! वर काढलेला हिशेब मीं मांडूं लागलों तो त्यानंतर दोन वर्षांनीं, आणि तेव्हां कळलें कीं त्या दिवशीं त्यानें आपल्या खिशांतून वीस-पंचवीस हजार रुपये माझ्या भाचीस आहेर केले होते. त्याच लग्नांत मंडपवाल्यास, वाजंत्र्यांस व आचाऱ्यास आम्हीं दाम मोजून दिले होते. आचाऱ्यास कोणी 'तुला स्वयंपाकाची आवड आहे, मग पैसे कशाला?' असें विचारीत नाहीं. जेथें माणूस मन लावून काम करतो, तेथेंच आपण त्याचा मोबदला कापतों. नासरेथच्या सुताराच्या दुकानांत लोक मजुरी न देतां नांगर नेत असत, असें मला वाटत नाहीं. मीं उशिरां कां होईना पैसे देऊं केले. त्यानें निम्मेच घेतले, आणि तेही फार आग्रह केल्यावर.

पालकांच्या मनांत जें खरें भय असतें, तें निराळेंच असतें. त्यांस महिन्याचा ठरलेला पगार हवा असतो, आणि तो हवासा वाटण्यांत कांहीं वावगें नाहीं. पण सोलापूरकरांस याविषयीं मीं काय सांगावें? १८७७ सालीं येथें पहिली गिरणी निघाली, मग आणखी निघाल्या. भोंग्यावर गांवाचें घड्याळ चालत असे. गिरणींत चिकटलेल्या मुलास मुलगी सांगून येई. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णु, नरसिंगगिरजी, सर्व बंद पडल्या. त्यांच्या भरंवशावर ज्यांनीं संसार मांडले, त्यांचीं मुलें आज या शाळेच्या पालकांत आहेत. कॅमेऱ्याच्या बाजूसही हेंच झालें. कोडॅक कंपनीची फिल्म साऱ्या जगांत खपे. त्याच कंपनीच्या एका तरुण इंजिनिअरनें १९७५ सालीं फिल्म न लागणारा कॅमेरा तयार केला, कंपनीनें त्याकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं, आणि २०१२ सालीं तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ज्या फोटोग्राफरांस छत्तीस चित्रांचा रोल आणि अंधारी खोली एवढेंच ठाऊक होतें, त्यांतले पुष्कळ बसले. ज्यांनीं पन्नाशींत संगणक शिकून घेतला, ते टिकले. तेव्हां मुलगा कोठें चिकटला यापेक्षां त्यास पुन्हां शिकण्याची संवय आहे कीं नाहीं, हें आईबापांनीं पाहावें.

आतां माझ्या भाचीचे फोटो काढणाऱ्या त्याच विद्यार्थ्याकडे परत येतों, कारण या सगळ्या विचारास मला त्याच्याच बोलण्यानें चालना दिली. एकदां तो संध्याकाळीं माझ्या घरीं आला व बराच वेळ कांहीं न बोलतां बसला. मग म्हणाला, "सर, परवा खेड्यात एक लग्न केलं. अंतरपाट बाजूला झाला, मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझं बोट थांबलं. ती पोरगी आपल्या आठवीच्या वर्गातली वाटावी अशी होती." मीं विचारलें, "मग तूं काय केलेंस?" तो म्हणाला, "फोटो काढले. पाच तारखेला हप्ता होता."

मुलीचें वय अठराच्या व मुलाचें एकवीसच्या आंत असतां लग्न लावणें, तें लावण्यास मदत करणें, हा २००६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. हें त्यास ठाऊक होतें. पण मंडपांतल्या शेंकडों माणसांत वधूचें मुख इतक्या जवळून पाहणारा एकटा तोच होता, आणि नेमका तोच बांधलेला होता. इसार खर्च होऊन गेला होता. परत करावयास त्याच्यापाशीं पैसेच नव्हते.

हौस आणि पैसा यांचा तोल म्हणून आपण जें बोलतों, तें बहुधा याच्या उलट बाजूनें बोलतों. पैसा आला कीं कला बाटते, असें आपण मानतों. माझ्या विद्यार्थ्याची कला मात्र त्या दिवशीं पैसा नसल्यामुळें बाटली. माझ्या भाचीच्या लग्नांत ज्यांनीं त्याचे वीस-पंचवीस हजार रुपये कापडांत आणि नारळांत गुंडाळले, त्यांचा त्या अंतरपाटाशीं कांहीं संबंध नाहीं, असें मला अद्याप स्वतःस म्हणतां आलेलें नाहीं.

त्यानें त्यानंतर दोन गोष्टी केल्या. आपले दर थोडे वाढवून ते छापून भिंतीस लावले, आणि घरच्यांसही तेच लावले. मला त्याची प्रत मुद्दाम आणून दिली. वाढीव पैसे निराळ्या खात्यांत ठेवून तीन महिन्यांच्या हप्त्यांइतके होईपर्यंत त्यांस हात लावला नाहीं. ते सांठल्यावर मग आपल्या करारपत्राच्या पहिल्या ओळींत त्यानें वधूवरांच्या जन्मतारखा विचारावयास आरंभ केला. ठिकाण, दिवस आणि रक्कम त्याच्या खालीं. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें दोन इसार परत केले. एका ठिकाणीं लोकांनीं दुसरा फोटोग्राफर गांठला व लग्न लागलें. दुसऱ्या ठिकाणीं त्यानें वेशीबाहेर येऊन १०९८ या क्रमांकावर फोन केला; लग्न थांबलें, आणि त्या गांवांतून त्यास पुन्हां काम मिळण्याची आशा नाहीं. संक्रांतीच्या दिवशीं तो अजूनही तळ्याच्या कांठीं उभा असतो. त्या दिवशीं तो कोणाचेंही काम घेत नाहीं.

दहावीची परीक्षा संपल्यावर त्या मुलास मीं याच्याकडे उन्हाळ्यापुरता उमेदवार म्हणून पाठवावयाचें ठरविलें. दिवे उचलणें, तारा गुंडाळणें, संध्याकाळीं चित्रांची निवड पाहत बसणें. मुलगा आनंदानें तयार झाला, 'फुकटसुद्धां करीन' म्हणाला. वडील मात्र खुर्चींत थोडे पुढें सरकून बसले व त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला, "रोज काय देणार?"

मीं तो आंकडा आधींच विचारून ठेवला होता.